थीकरची काळी मूठ

जेब वेरिल बुडाला तेव्हा त्याच्या गळ्यात आयझॅक थीकरने कोरलेली काळी मूठ होती. पाच दिवसांनी प्रेत किनाऱ्याला लागलं. तोंडावरून बायकोलाही ओळखता आलं नाही. अंगातल्या लोकरी बनियनची वीण आणि ती मूठ, एवढ्यावर ओळख पटली. मुठीला ओरखडाही नव्हता.

व्हिटबीत, आमच्या या इंग्रजी बंदरात, माणसं बुडतातच, त्याचं कुणी नवल करत नाही. पण ताईत घालून बुडणं हा आमच्या धंद्यावर सरळ आरोप होता. आमच्या कड्यांतून दगड झालेलं काळं लाकूड निघतं, त्याला जेट म्हणतात. ते कोरून गावातली हजारेक माणसं जेवत. लंडनच्या बायका नवऱ्याच्या सुतकात त्याच्या माळा घालत. आमच्या बायका सुतक लागूच नये म्हणून त्याची मूठ नवऱ्याच्या गळ्यात बांधत. अंगठा दोन बोटांमधून बाहेर काढलेली मूठ. दृष्ट, चेटूक आणि समुद्र, तिन्हींवर एकच माल.

दफन उरकून जेबचे दोघे भाऊ, सेथ आणि एमॉस, भरदुपारी आमच्या कारखान्यात शिरले. मागून जेबची बायको हॅना, हातात ती मूठ घेऊन. सेथने आयझॅकचं तोंड साणेच्या चाकावर आपटलं. दोन दात पडले. चकाकी आणायला आम्ही लाल भुकटी वापरतो, ती दिवसभर तोंडावर असतेच. त्यामुळे त्याला किती लागलंय हे कळायला जरा वेळ गेला.

"रबर विकलंस ना रे आमच्या भावाला, हरामखोरा?"

"रबराला माझ्या बापाने हात लावला नाही," आयझॅक थुंकत म्हणाला, "आणि मीही नाही."

"मग होऊन जाऊ दे सुई!"

तापवलेली सुई टोचली की जेटला कोळशाचा वास येतो, रबराच्या नकली मालाला गंधकाचा. एमॉसने आयझॅकचा उजवा हात बाकावर दाबून धरला आणि हातोडा उचलला. "गंधक आलं की या हाताची कारागिरी संपली."

मालक क्रॉप्टन आयझॅकच्या कानाशी वाकले. "थीकर, रबर होतं म्हणून टाक. खरी निघाली तर ताईतच खोटा ठरेल रे."

"हात माझा आहे, मालक."

"आणि धंदा सगळ्यांचा आहे."

सुई मी तापवली. शेगडी माझ्या बाकाजवळ होती, एवढंच कारण. वास आला तो कोळशाचा. थंडीत घरी शिरताना येतो तसा, अगदी मायेचा. दोन्ही भावांचे हात नकळत आपापल्या छातीकडे गेले. बनियनखाली त्यांच्याही गळ्यात मुठी होत्या.

"खरी आहे," एमॉस म्हणाला आणि त्याने आयझॅकचा हात सोडला. "मग जेब बुडाला कसा?"

मालकांनी घसा साफ केला. "तो निघाला त्या दिवशी घरात धुणं काढलं होतं का हो?"

नवरा समुद्रावर निघाला त्या दिवशी बाईने धुणं काढलं, तर लाट त्यालाही धुऊन नेते. हे आमच्याकडे पाळण्यातल्या पोरालाही ठाऊक असतं.

हॅनाचा चेहरा पडला. "पोर ओकलं होतं. दोनच दुपटी होती, भावजी."

सेथने तिला अशी थोबाडीत दिली की ती बाकाच्या कडेवर जाऊन आदळली. कान फुटला. त्याने केस धरून तिला उभी केली. "वहिनी, तू घालवलंस त्याला! दोन फडक्यांसाठी!"

"वास मारत होती हो!"

एमॉस हातोडा घेऊन तिच्याकडे वळला. आम्ही अकरा कारागीर आपापल्या कामाकडे बघत होतो. आयझॅकचा हात मोकळा होता आणि दार चार पावलांवर होतं.

"मुठीला भेग होती," आयझॅक म्हणाला.

एमॉस थांबला.

"लाख आणि काजळी भरून मी ती बुजवली. सुई चांगल्या बाजूला लागली. भेगाळलेला ताईत काय डोंबल राखणार?"

"आम्हाला कशी दिसली नाही?"

"दिसली असती तर जेबने घेतली असती होय?"

हे त्यांना पटलं. सेथने हॅनाचे केस सोडले. आयझॅकने हात स्वतःच बाकावर ठेवला. ती मूठ घडताना मी शेजारी बसून पाहिली होती. भेग नव्हती. मी बोललो नाही. मालकांच्या चेहऱ्यावर तर सुटल्याची कळा आली होती.

एमॉसने चार घाव घातले. पहिला भावासाठी, पुढचे दोन, उचललेला हात थांबेना म्हणून. चौथ्याला तो स्वतः रडत होता.

पुढच्या आठवड्यात दोघा भावांनी नव्या मुठी नेल्या. "बिनभेगेच्या द्या," असं बजावून. मीच कोरल्या. आयझॅकची बोटं वाकडी जुळली, अंगठा दोन बोटांमध्ये अडकला तो अडकलाच, हुबेहूब आमच्या मालासारखा. त्याला दुकानाच्या खिडकीत बसवावं, असं मालकांच्या मनात आहे.

त्याचं धुणं हॅना नेते. होड्या कधी निघतात ते बघत नाही.