झोपलाय, उद्या ये

दिवा लागलाच नाही... मुगाच्या दाण्याएवढा तो हिरवा दिवा स्कॅनरच्या कडेला नुसताच बसून राहिला, आणि तिनं पुन्हा एकदा ते यंत्र त्या म्हाताऱ्या कुत्र्याच्या पाठीवरून फिरवलं — मानेपासून शेपटीपर्यंत, सावकाश, मागे उभ्या, कुत्री उचलायच्या गाडीच्या ड्रायव्हरकाकांना नीट दिसेल असं. काही वाजलं नाही. वाजणारच नव्हतं. मालकाचा पत्ता सांगणारी याची चिप पाठीत नाही, घसरत घसरत डाव्या कोपरात जाऊन बसली आहे, हे सबंध शहरात दोनच माणसांना ठाऊक होतं आणि त्यांतलं एक आता उरलं नव्हतं.

"नाही ना वाजत?" काका म्हणाले. "बेवारशी. चला, उचला."

"बेवारशी," ती म्हणाली.

किती सहज निघाला शब्द! पाठीवर वाजलं नाही तर तिथं थांबायचं नसतं, दोन्ही खांद्यांवरून खाली कोपरापर्यंत यंत्र फिरवायचं असतं. सैल कातडीच्या कुत्र्यांत तांदळाच्या दाण्याएवढी ती चिप कुठल्या कुठे सरकते... नवीन येणाऱ्यांना हे तीच शिकवायची, आणि कंटाळा करणाऱ्यांना भर गाडीत फैलावर घ्यायची — तुमच्या आळसापायी एखाद्याचं लाडकं जनावर जिवानिशी जाईल, कळतंय का? आणि आज तिनं यंत्र कमरेला अडकवलं. आळस नव्हता तो. आळस असता तर बरं झालं असतं, आळसाला माफी असते.

बंद दुकानाच्या बाकाखाली तो पडला होता. रस्त्याच्या पलीकडूनच तिनं ओळखला — उजवा कान फाटका, तोंड पांढरं, गळ्यात पट्टा नाही. पट्टा रोज अंघोळीच्या वेळी काढून ठेवायची वहिनी, मानेला घाम येतो म्हणे त्याच्या! फासाची काठी लागलीच नाही. तिनं हात पुढे केला आणि त्यानं शेपूट जमिनीवर आपटलं, थकल्या माणसानं 'आलीस का' म्हणावं तसं. तिला राग आला तो त्याचाच. ओळख कसली दाखवतोस रे? त्या संध्याकाळी दाखवली होतीस का?

नाही, दाखवली होती. तेच तर...

त्याचं नाव जावई. आईनं ठेवलेलं. आई आधी हिच्याकडेच होती, मग दुखणं वाढलं, तेव्हा दादा-वहिनी घेऊन गेले. "तू कामावर जाणार, तिच्यापाशी कोण?" वहिनी म्हणाली होती, आणि 'कामावर' हा शब्द तिनं असा उच्चारला होता की तो दोन बोटांच्या चिमटीत धरलाय असं वाटावं. वहिनीनं तेव्हाच कुठूनसं हे कुत्रं आणलं होतं, पिल्लू नव्हे, चांगलं मोठं झालेलं. ते आईच्या खाटेखाली जाऊन बसलं, जेवणाच्या वेळेला तेवढं बाहेर यायचं आणि वाढायला उशीर झाला की तोंड फुगवायचं. आई हसून म्हणाली, "तुझ्याकडून काही लक्षण दिसेना, म्हणून माझ्या वाटणीचा जावई बघ वहिनीनंच आणला!" पुढं सगळेच त्याला जावईबापू म्हणायला लागले. एका रविवारी ही ऑफिसचं स्कॅनर पिशवीतून घेऊन गेली होती, आईला गंमत दाखवायला, आणि पाठीवर मुकं राहिलेलं ते यंत्र कोपरावर आल्यावर असं काही वाजलं की आई दचकली आणि मग खोकला येईस्तोवर हसली. "जावयानं घड्याळ कोपराला बांधलंय गं!... वहिनीला नको सांगूस हं, उगाच दवाखान्यात पळवेल गरिबाला."

नाही सांगितलं. आईचा शब्द पाळला मी. आजसुद्धा पाळतेच आहे, म्हणायचं.

गाडीत तो तिच्या पायांशी पडून राहिला. श्वास आखूड, हिरड्या फिक्या; मूत्रपिंडं गेलेली असणार, अशा म्हाताऱ्यांची तीच जातात. काका गाडी चालवता चालवता आपल्या खऱ्याखुऱ्या जावयाबद्दल तक्रार करत होते, आणि ती हं हं करत होती. हं हं करताना तिच्या डोळ्यांपुढे दार होतं. लाकडी दार, आतून साखळी लावलेलं, साखळी मावेल तेवढीच फट. ती कामावरून थेट गेली होती, गणवेशातच, कारण दुपारी आईचा आवाज फोनवर फार लांबून आल्यासारखा वाटला होता. फटीत वहिनीचा अर्धा चेहरा. "झोपल्यात. उद्या ये." आणि मग, दार लोटता लोटता, "आणि अंघोळ करून ये गं, अंगाला वास येतो कुत्र्यांचा. त्यांना त्रास होतो." त्याच वेळी खाली, वहिनीच्या पायांमधून, फटीतून बाहेर आलेलं एक ओलं काळं नाक... कुत्र्याच्या वासाचा त्रास होतो म्हणे! तो आत होता. तो खाटेखाली जाऊन झोपला आणि मी जिन्यावर उभी होते, स्वतःची बाही हुंगत.

सकाळी दादाचा फोन. झोपेतच गेली.

तिनं भांडण केलं नाही. लोक म्हणाले, कित्ती समंजस. कसली समंजस! तिनं डूख धरला होता. चहा गाळताना, पिंजरे धुताना, बसची वाट बघताना ती ते वाक्य घोळवायची — शब्द तेच, सूर तोच, शेवटी हलकेच दार लोटल्यासारखा 'ये'. कधीतरी, कुठंतरी, या बाईचं काहीतरी माझ्या दाराआड असेल आणि ती फटीबाहेर असेल. त्यासाठी काय काय चित्रं रंगवली होती तिनं! वहिनी दवाखान्याबाहेर, वहिनी पोलीस चौकीबाहेर... आणि आलं काय शेवटी हातात? जावई. तिला जवळजवळ हसू आलं.

निवारा शहराच्या कडेला, पत्र्याचा, लांबट. ओळीनं पिंजरे, मध्ये उतरती फरशी आणि कायम ओली. तिची नोकरी इथं अर्धवेळ. दादा चेष्टेनं 'अर्ध्या साहेबीणबाई' म्हणायचा. बेवारशी जनावराला मालकासाठी काही दिवस ठेवतात, पण म्हातारं असलं, अंथरुणाला खिळलेलं असलं आणि विचारणारं कुणी नसलं तर त्याचे हाल करत नाहीत. त्याच्या पिंजऱ्याला लाल रिबीन बांधायची. संध्याकाळी डॉक्टरीणबाई येतात, रिबिनी बघतात, शेवटची सुई देतात. दयेचंच काम आहे ते, तिनं स्वतः कितीतरी जनावरांची डोकी मांडीवर धरली आहेत.

रिबीन तिनंच बांधली. गाठ सैल बसली म्हणून सोडून पुन्हा बांधली.

आत त्यानं पाणी हुंगलं, प्यायला नाही. गोल फिरून बसायचा प्रयत्न केला, अर्ध्यातच बसला, आणि बघता बघता झोपला. तोंड उघडं, एका बाजूनं जीभ बाहेर. घोरत होता. वयस्कर पाहुण्यासारखा, निर्लज्ज. तूच होतास ना तिथं? — तिनं गजांपाशी वाकून मनात विचारलं — खाटेखाली तूच होतास. तिनं मला हाक मारली असेल तर ऐकली तूच. पाणी मागितलं असेल, कुशीवर वळली असेल, शेवटी काही पुटपुटली असेल... सगळं याच्या फाटक्या कानात, आणि काढून घ्यायची काही सोय नाही. तो गेला की तेही गेलं. जाऊ दे! मला नाही तर कुणालाच नाही.

चारच्या सुमारास फोन वाजला. पडद्यावर 'वहिनी'. नंबर पुसायचा राहून गेला होता... नाही, राहिला कसला, मुद्दाम ठेवला होता.

"अगं... मी बोलतेय." आवाज बसलेला, रडून झालेला. "जावई कुठं सापडलाय का गं तुमच्याकडे? सकाळी दार उघडं राहिलं, माझंच चुकलं... सगळं पालथं घातलं. तुझे दादा अजून हिंडताहेत गाडी घेऊन. तुला फोन करू की नको, करू की नको..."

'नाही' म्हणायचं ठरलं होतं. नाही म्हटलं की संपलं, उद्या ना परवा ती रडून मोकळी होईल, कुणाला काही कळायचं नाही. पण कळायचं नाही तर मग उपयोग काय! इतकी वर्षं घोळवलेलं वाक्य जिभेच्या टोकावर आलं होतं आणि ते मागे फिरेना. ती भिंतीकडे वळली. छाती धडधडत होती, लहानपणी चोरून काही खाताना धडधडायची तशी.

"आहे," ती म्हणाली. "झोपलाय. उद्या ये."

सूर जसाच्या तसा लागला. शेवटचा 'ये' तर अगदी दार लोटल्यासारखा. ती थांबली. आता... आता तिकडे काहीतरी तुटेल. आता तिला ती साखळी आठवेल, तो जिना आठवेल, श्वास अडकेल, आणि मग अंघोळीचं वाक्य टाकायचं. आणि उद्या आली की उरलेलं — झोपेतच गेला गं.

"झोपला?" वहिनी म्हणाली. "खरंच झोपला?... अगं बाई, देव पावला! काल रात्रभर डोळ्याला डोळा लागला नव्हता त्याचा, नुसता कण्हत होता, मी आपली पाठीवरून हात फिरवत बसलेली. झोपलाय ना, मग नको उठवूस हं. झोप लागली की बरं वाटेल त्याला. उद्या येते मी." आणि नाक ओढून, "तू आहेस ना तिथं? मग मला काळजी नाही."

फोन बंद झाला.

वहिनीला आठवलं नाही. तिला आठवलंसुद्धा नाही! — तिला कुणीतरी थोबाडीत मारल्यासारखं झालं. ज्या वाक्यावर मी जगले ते त्या बाईच्या खिजगणतीतही नव्हतं. पुन्हा फोन लावावा, ओरडून सांगावं, अगं, तुझंच वाक्य आहे हे, ओळख ना! अंगठा नंबरावर गेलाही. पण त्या रागाच्या बुडाशी दुसरंच काहीतरी सरकलं, आणि ते तिला नको होतं. वहिनीचा तो सुटलेला श्वास... 'झोपला? खरंच?'... आईलाही त्या आठवड्यात झोप नव्हती. दादाच म्हणाला होता नंतर केव्हातरी, रात्र रात्र दोघं उशाशी बसायचे म्हणून. म्हणजे त्या संध्याकाळी कितीतरी दिवसांनी आईचा डोळा लागला असेल, आणि जिन्यावर बुटांचा आवाज झाला असेल, आणि वहिनी साखळी न काढता, हळू आवाजात...

छे. अंघोळ करून ये म्हणाली होती ती. ते काय होतं मग? तो कुजकेपणाच होता. हो, होताच. तिनं ते वाक्य घट्ट धरून ठेवलं, बुडताना काठाचं गवत धरावं तसं. पण दुसरं आता पूर्वीसारखं धरता येईना. 'झोपल्यात, उद्या ये' — उद्या उरणार नाही हे माहीत असून म्हटलं की माहीत नसून? आजपर्यंत हा प्रश्नच नव्हता. आज मात्र हे वाक्य माहीत असून म्हणणारं माणूस तिला ठाऊक झालं होतं. घशात त्याची चव कशी लागते, तेही. आणि वहिनीही तसलंच माणूस होती का, हे तिला खरंच सांगता आलं नसतं.

पलीकडे नळ सुटला. डॉक्टरीणबाई आल्या होत्या, हात धूत होत्या.

"एकच रिबीन दिसतेय आज," त्या म्हणाल्या. "बरं आहे. नीट तपासलंस ना गं याला? मालक नाही?"

पिंजऱ्याची कडी काढून ती आत शिरली आणि ओल्या फरशीवर तशीच गणवेशात बसली. जावयाच्या पोटाचा भाता वरखाली होत होता. डावा पाय पसरलेला, कोपर तिच्या गुडघ्यापासून वीतभर. कमरेचं स्कॅनर जमिनीला टेकून टोचत होतं.

"आणतेस ना बाहेर?"

"झोपलाय," ती म्हणाली.

आज दुसऱ्यांदा म्हटला तिनं हा शब्द. या वेळी तो हळू आला, शेजारी कुणी जागं होऊ नये म्हणून काढतात तसल्या आवाजात.

"झोपलाय तर उठव. मला अजून पलीकडं जायचंय, बाई."

उठवायचं तर होतंच, सुईसाठी उठवा नाहीतर घरी जाण्यासाठी. पण तिचा हात उठला नाही. जावयाच्या फाटक्या कानातून कसलीशी थरथर गेली. स्वप्नात कुणाचा तरी आवाज ऐकत असावा. तिनं पाय जवळ घेतले, भिंतीला पाठ टेकली. किती साधं होतं हे, कुणी झोपलेलं असावं आणि आपण शेजारी बसावं. मी उठवलं नसतं गं वहिनी आईला... नुसती बसले असते.