आईने विणलेला एकच स्वेटर

मी एक स्वेटर बोलतोय. दुकानातला नव्हे, घरी विणलेला. माझी डावी बाही उजवीपेक्षा चांगली चार बोटं लांब आहे, त्यावरूनच ते ओळखू येतं.

मला एका इस्त्रीवालीने विणलं. तिने जन्मभर लोकांचे कपडे इस्त्री केले. सुई हातात धरली ती फक्त बटण लावायला. विणकाम तिच्या सात पिढ्यांत कुणी केलं नव्हतं. पण मिशनच्या कामाचं शिक्षण घ्यायला धाकट्या मुलीने दोन वर्षं परदेशात जायचं ठरवलं आणि कुणीतरी सांगितलं, तिकडची थंडी हाडात शिरते. झालं! शेजारणीकडून सुया आल्या, लोकर आली. उसवत, चुकत, स्वतःवरच चिडत तिने मला पुरं केलं.

धाकटीने मला अंगात घातलं आणि ती खो खो हसत सुटली. "आई, ही बाही बघ की!"

"असू दे. देवाच्या कामाला चाललीस ना? एक हात लांबच बरा," आई म्हणाली.

"आणि घरच्या कामाला हात कुणाचे? माझेच," ताई म्हणाली. ताई म्हणजे थोरली. तीही हसतच म्हणाली, पण नंतर तिने आमच्याकडे पाठ फिरवली.

परदेशातलं ते वसतिगृह स्वच्छ होतं आणि गारठलेलं. सकाळी प्रार्थना, मग तिथल्या भाषेचा तास. ती भाषा धाकटीच्या जिभेवर काही केल्या बसेना. दुपारी प्रार्थनागृहाची फरशी पुसायची, संध्याकाळी अनोळखी दारं वाजवायची. बरीच दारं तोंडावर बंद व्हायची. खोलीवर आली की ती माझी लांब बाही मुठीवर ओढून नाकाला लावायची. गरम इस्त्रीचा वास कितीतरी दिवस माझ्यात टिकून होता.

दुसऱ्या वर्षी तिला रुग्णालयात पाठवलं. ज्यांना भेटायला कुणी येत नाही अशा रुग्णांजवळ बसायचं, एवढंच काम. तिच्या वाट्याला आली एक म्हातारी, फणसासारखी. वरून काटे नुसते. "मला प्रवचन नको," ती पहिल्याच दिवशी म्हणाली. "बसायचं तर गप्प बस." धाकटी गप्प बसली. हळूहळू म्हातारी तिचा हात धरून झोपायला लागली.

त्याच सुमारास ताईचा फोन आला. "आईचं बरं नाही. डॉक्टरांचा चेहरा मला ठीक वाटत नाही. तू ये."

धाकटी तडक वसतिगृहाच्या मुख्यबाईंकडे गेली. मुख्यबाई म्हणाल्या, "जा. मी अडवणार नाही. पण आत्ता आजारपणासाठी जाऊन राहिलीस तर वर्ष बुडेल आणि परत जागा मिळेल याची खात्री नाही."

मग आईच फोनवर आली. आवाज अगदी खोल गेला होता. "काही झालेलं नाही मला. ताईला उगाच घाबरायची सवय आहे. अर्धवट टाकून आलीस तर मला तोंड दाखवू नकोस."

धाकटीला तेच ऐकायचं होतं. तिने विश्वास ठेवला, कारण ठेवणं सोपं होतं. माझ्या आत तिचं काळीज धडधडत होतं, म्हणून मला ठाऊक आहे.

पुढच्याच आठवड्यात, भर दुपारी, म्हातारीचा श्वास अडकला. धावपळ झाली. धाकटीने तिचा हात घट्ट धरला आणि जीव तोडून प्रार्थना केली. तिथे फोन बंद ठेवायचा नियम होता. म्हातारी वाचली. तिने डोळे उघडले तेव्हा धाकटी आनंदाने रडली.

बाहेर येऊन तिने फोन लावला. ताई एवढंच म्हणाली, "गेली. तुझं नाव घेत होती. मी किती वेळा फोन केला!"

धाकटी जिन्यावरच बसली. माझी बाही मुठीवर ओढून पुटपुटली, "देवा, मी तुझं काम करत होते. मी येईपर्यंत आईला जपायचं, तू माझं एवढंसं काम केलं नाहीस?" तिने आजवर केलेल्या सगळ्या प्रार्थना मी ऐकल्या होत्या. ही सर्वांत खरी होती.

आईच्या मातीसाठी मुख्यबाईंनी आठवड्याची रजा दिली. निघण्यापूर्वी धाकटी म्हातारीला सांगायला गेली. म्हातारीने माझ्यावरून बोटं फिरवली. "हे कुणी विणलं?"

"आईने विणलंय..." धाकटी थांबली. "आईने विणलं होतं." त्या एका 'होतं'ने तिचा बांध फुटला. म्हातारीने हात पसरले. तिने धाकटीचं डोकं आपल्या छातीशी ओढून घेतलं.

आम्ही घरी पोहोचलो तोवर माती देऊन झाली होती. इस्त्रीचं टेबल भिंतीला लावून ठेवलेलं होतं. ताईने तिला जेवायला वाढलं, अंथरूण घातलं, पण एकदाही तिच्याकडे बघितलं नाही. शेवटी धाकटीनेच विचारलं, "ताई, रागावलीस?"

"तू परक्याची आई सांभाळत होतीस. मी आपली सांभाळत होते. रागावू कुणावर?"

शिक्षण पुरं करायला धाकटी परत निघाली तेव्हा ताई दारात आडवी आली. "स्वेटर ठेवून जा. आईच्या हातचं तेवढं एकच आहे."

धाकटीने मला काढलं, नीट घडी घातली आणि ताईच्या हातात दिलं. पातळ ओढणी खांद्यावर घेऊन ती गेली.

आता मी कपाटात आहे. इथे कधी थंडी पडत नाही, त्यामुळे मला कुणी घालत नाही. कधीमधी ताई मला बाहेर काढते, आईचा वास शोधते. पण माझ्यात आता रुग्णालयाचा आणि धाकटीच्या केसांचा वास आहे. तरीही ती तोंड खुपसून रडते आणि मग मला परत आत ठेवते. दोघी अजून एकमेकींना फोन करत नाहीत.

ताई, तुझाही माझ्यावर हक्क आहे, मी नाही म्हणत नाही. पण तिकडे आता हिवाळा सुरू झाला असेल आणि ती पोरगी स्वतःहून मागणार नाही. तूच पाठव मला.