गोत्राचा रिकामा रकाना

निवेदिताचं डोकं सकाळपासून भणभणत होतं, आणि का भणभणू नये? खाली बालाजी घाटावर वर्ध्याहून आलेल्या सुरेखाबाई सहापासून पायरीवर बसून होत्या. वडिलांचं वर्षश्राद्ध, तिथी दुपारी दीडपर्यंत, आणि गुरुजींचा पत्ता नाही! बाईंनी वेबसाइटवर तीनदा अर्ज भरला होता. तिन्ही वेळा हिरव्या अक्षरांत उत्तर आलं की नोंद झाली, गुरुजी फोन करतील. फोन कसला येतोय! शेवटी त्यांनी पानाच्या तळाशी दिलेला नंबर लावला, तो निवेदिताचा.

"माझं नाव कुठे अडलं ते मला कळलं पाहिजे," त्या म्हणाल्या. "आणि आजच कळलं पाहिजे."

वेबसाइट निवेदिताचीच. तिचे काका वेणीमाधव गुरुजी यजमानांच्या चिठ्ठ्या हरवायचे, म्हणून चुलतभाऊ शार्दूलला हाताशी धरून तिने ती बनवली होती. अर्ज आला की सर्व्हरने आपण होऊन गुरुजींचा फोन वाजवायचा आणि तारीख सांगायची, एवढंच त्या कॉलबॅकचं काम. तेवढंही होत नव्हतं. काका नदीपलीकडे रामनगरला एका यजमानाकडे होते. तिने फोन केला तेव्हा म्हणाले, "पूजा अर्धी टाकून कसा उठू? आटोपली की नावेनं येतो."

मग ती संगणकापुढे बसली. सुरेखाबाईंचा अर्ज सर्व्हरपर्यंत धडधाकट पोचला होता. पानाला उत्तरही गेलं होतं. पुढे मात्र सगळं चिडीचूप, चुकीची साधी नोंदसुद्धा नाही.

"अरे यार ताई, मैंने चालीस बार टेस्ट किया है," शार्दूल चहा ढवळत म्हणाला. "बाईंचं नेटवर्क खराब असणार."

"नेटवर्क खराब असतं तर अर्ज इथे आला असता का? काहीतरीच बोलतोस!"

तिने स्वतः एक अर्ज भरला. नाव, गाव, तिथी, घरचंच गोत्र भारद्वाज. दोन सेकंदांत रामनगरला काकांचा फोन वाजला, आणि पूजेत व्यत्यय आणला म्हणून काकांनी वर तिलाच झापलं. म्हणजे कॉलबॅक ठणठणीत होता. तिने शार्दूलचे जुने चाळीस अर्ज काढले. चाळीसही भारद्वाज. मग सुरेखाबाईंचे तीन काढले. तिन्हींत गोत्राचा रकाना रिकामा.

आता तिने कोड उघडला, आणि तिचा संताप अनावर झाला. गोत्र नसेल तर अर्ज तिथेच सोडून द्यायचा, अशी ओळ शार्दूलने घातली होती. वर हिरवं उत्तर आधीच पाठवून मोकळा!

"हे काय आहे?"

"फालतू अर्ज येतात ना, ते गाळायला. गोत्र नाही असा माणूस असतो का, ताई?"

"घाटावर बसलाय तो माणूस! सहा तास बसलाय, उपाशी!"

तिने ती ओळ उडवली, आजवर असे गळालेले अर्ज मोजले आणि जिना उतरून धावत सुटली. चूक शार्दूलची खरी, पण गेलं वर्षभर तीही प्रत्येक वेळी भारद्वाजच लिहीत आली होती. त्या घरात रकाना रिकामा ठेवून बघायचं कुणाच्या स्वप्नातही आलं नव्हतं. शार्दूलच्या चुकीपेक्षा याचा राग तिला जास्त आला.

सुरेखाबाई स्टीलचा डबा मांडीवर घेऊन बसल्या होत्या. तीळ, दर्भ, जवाचं पीठ, सगळं घरून आणलेलं.

"माफ करा," निवेदिता म्हणाली. "सॉफ्टवेअरमध्ये दोष होता. गोत्र नसलेले अर्ज पुढे जात नव्हते."

"सॉफ्टवेअरला काय कळतंय गोत्रातलं? ते शिकवलं कुणी?" बाईंचा आवाज चढला. "माझे वडील अनाथाश्रमात वाढले. गोत्र त्यांनाच ठाऊक नव्हतं. खोटं लिहायचं जिवावर आलं, म्हणून मी रकाना सोडला."

एक वाजून दहा मिनिटांनी नाव लागली. काका घाईघाईने उतरले, सगळं ऐकलं, आणि निवेदिताकडे असं बघितलं की तिला पायरीत गडप व्हावंसं वाटलं.

"गोत्र माहीत नसलं तर काश्यप म्हणतात! सातव्या वर्षी शिकलो मी हे. मला विचारलं का नाहीत?"

काकांनी तिथेच बैठक मांडली आणि संकल्पात वडिलांचं नाव घेतलं. सुरेखाबाईंनी पिंड ठेवले. दीडला पाच मिनिटं कमी असताना तिलांजली झाली.

बाईंनी हात धुतले, डोळे पुसले आणि निवेदिताला विचारलं, "माझ्यासारखे आणखी किती?"

"एकतीस."

"आणि त्यांच्या तिथ्या?"

"गेल्या," निवेदिता म्हणाली.