कॅसेटची शेवटची पंधरा मिनिटं

मित्रांनो, मी एक जुना टेपरेकॉर्डर आहे. ऐकलेलं जसंच्या तसं परत द्यायचं, पदरचं काही घालायचं नाही, ही माझ्या जातीची रीत. आज पहिल्यांदाच ती मोडतो आहे.

कारखान्यातून निघालो तेव्हा माझी बटणं चकाकत होती. दोन घरं फिरून मी एका इस्त्रीच्या दुकानात आलो. मागच्या खोलीत, चादरींच्या गठ्ठ्याशेजारच्या स्टुलावर माझी जागा होती. दुकान चालवणारी बाई एकेकाळी नाटकांत गायची, उंच पट्टीतली, चपळ गाणी. आजारपणात तिचा आवाज गेला, तेव्हा तिने ती गाणी मुलीला शिकवायला घेतली. मुलीला घरात चिमणी म्हणत. तिचा आवाज मात्र जड, खालच्या सुरांत रमणारा. मामा हसायचा, "ताई, चिमणीच्या गळ्यात घुबड बसलंय गं!"

"उडवून लावते बघ त्याला," आई म्हणायची.

रोज सकाळी अर्धा तास रियाज चाले. आई पेटीवर वरचा सूर द्यायची, चिमणी टाचा उचलून तो गाठायला बघायची. मी टिपून घ्यायचो. मग आई फीत मागे गुंडाळून ऐकायची आणि चुका दाखवायची. दुसऱ्या दिवशी त्याच कॅसेटवर नवा रियाज. "चुकलेलं जपून काय करायचंय?" ती म्हणे. लोक माझं कौतुक करत. यंत्र असूनही किती साफ बोलतं, म्हणत.

एका सकाळी रियाज संपता संपता एक गिऱ्हाईक आलं. घाईच्या कपड्यांचा गठ्ठा घेऊन आई त्याच्याबरोबर बाहेर पडली. मला बंद करायचं राहून गेलं. चिमणीने इस्त्री तापवली, चादर पसरली आणि एक संथ गाणं सुरू केलं, अगदी खालच्या सुरात. इस्त्री पुढे सरके तशी ओळ पुढे सरके. टाचा जमिनीवर होत्या. सदरा न्यायला आलेले पोस्टमन दारातच थांबले.

"पोरी, हा तुझाच आवाज?"

"माझा कसला काका, इस्त्रीचा आहे," ती हसली आणि पुन्हा गाऊ लागली.

पंधरा मिनिटांनी फीत संपली आणि माझं बटण खाड्कन वर आलं. दुसऱ्या सकाळी आईने न ऐकताच कॅसेट मागे नेली आणि वर नवा रियाज भरला. मला ओरडावंसं वाटलं. पण बटण दाबल्याशिवाय मला तोंड नाही.

गायनसंस्थेच्या निवडीला आईने मलाही पिशवीतून नेलं. वरच्या सुरावर चिमणीचा आवाज फाटला. परीक्षक शांतपणे म्हणाले, "गळा चांगला आहे, पण ही गाणी त्याची नाहीत. दुसरं काही गाता?"

चिमणीने आईकडे पाहिलं. "नाही," ती म्हणाली.

त्यानंतर रियाज दुप्पट झाला, सकाळी अर्धा तास आणि संध्याकाळी अर्धा तास, दर वेळी फीत पहिल्यापासून. वर्षभरात घसा बसला तो उठलाच नाही. डॉक्टरांनी गाठी काढल्या, बोलण्यापुरता घोगरा आवाज उरला. आईने मला कपाटात ठेवलं. माझ्यावर धूळ बसली, एक झाकण तुटलं. चिमणी नोकरीसाठी दूरच्या शहरात गेली.

अनेक वर्षांनी एका दुपारी आईने मला बाहेर काढलं. लेकीची आठवण येत असावी. अर्ध्या तासाचा शेवटचा रियाज वाजला. पूर्वी ती नेहमी तिथे मला बंद करायची. त्या दिवशी तिचा डोळा लागला होता. फीत पुढे गेली, रियाज जिथे कधी पोचला नव्हता तिथे.

आई दचकून उठली. खोलीत तो संथ, खोल आवाज भरला होता. तिने फोन लावला.

"चिमणे, हे कोण गातंय गं?" तिने फोन माझ्या जाळीशी धरला.

पलीकडून घोगरा आवाज आला, "मीच आई."

"मला कधी सांगितलं का नाहीस?"

"तू मला कधी विचारलंस?"

आईचा हात बटणाकडे गेला.

"नको, बंद नको करूस," चिमणी म्हणाली. "संपू दे."

मित्रांनो, मला पुसा, तेल द्या, असं मी सांगणार नाही. माझे थोडेच दिवस उरलेत. एवढंच मागतो, की घरात कुणी कपडे घडी करताना, भांडी विसळताना, कुणी ऐकत नाही असं समजून गात असेल, तर दारात थांबा. ते पोस्टमन थांबले होते, तसे. आणि त्याला सांगा, की आम्ही ऐकलं.

त्या दुपारी फीत संपली, बटण खाड्कन वर आलं. दोघींपैकी कुणीच फोन ठेवला नाही.