ओसरलेला निरोप्या

दुपारी दोन वाजून सतरा मिनिटांनी बाळामागून वार पडली आणि माझे दिवस फिरले. मी एक हार्मोन बोलतोय. डॉक्टर मला इस्ट्रोजेन म्हणतात. बाईच्या रक्तातून निरोप नेणारा साधा सांगकाम्या मी.

नऊ महिने माझा थाट काय सांगू! पोटात बाळाला पोसणाऱ्या त्या वारेतूनच मी भरभरून निघायचो. मेंदूत आठवणी सांभाळणाऱ्या पेशी असतात, भिंतीला भिंत लावून राहणाऱ्या शेजारणींसारख्या. मी असलो की एकीनं हळू म्हटलं तरी दुसरीला ऐकू जायचं. वार पडली नि झरा आटला. आता एक हाका मारून दमते, पलीकडे पत्ताच नाही. त्यात बाळंतिणीला झोप नाही. काही महिन्यांत सगळं जागेवर येतं, पण धीर कुणाला?

सासूबाईंना तर मुळीच नाही. रोज संध्याकाळी त्या सुनेची उलटतपासणी घ्यायच्या.

"बाळाला औषधाचे थेंब किती वाजता दिलेस? दुपटी किती वाळत घातलीस? बोल पटापट."

ती "अं..." करायची.

"सातवी शिकलीस म्हणे! डोकं काय वारेबरोबर टाकून आलीस?"

नवरा वर्तमानपत्रामागून म्हणायचा, "आई, आजही भोपळाच दे तिला."

आवाज चढला की माझा सावत्र भाऊ धावत यायचा, भीतीचा हार्मोन. तो त्याच शेजारणींच्या तोंडावर हात ठेवतो. ओठांवर आलेलं उत्तरही मग मागं फिरतं. अपमान मात्र तो दगडावर कोरतो. थेंबांची वेळ डोक्यातून गेली, 'वारेबरोबर टाकून आलीस' तेवढं राहिलं.

एका संध्याकाळी थेंबांची बाटली खिडकीत नव्हती.

"मी इथंच ठेवली होती, आई."

"मग काय पाय फुटले तिला? उद्या बाळ कुठं ठेवलंस तेही विसरशील. आजपासून ते माझ्या खोलीत. पाजायपुरतं आणून देईन."

बाळ सासूबाईंच्या खोलीत गेलं. दाराला आतून कडी लागली.

चौथ्या दिवशी बाटली सापडली. सासूबाईंच्याच विणकामाच्या पिशवीत, सुयांखाली. बाळाच्या टोपीचं माप घेताना त्यांनीच ती उचलून आत टाकली होती आणि साफ विसरल्या होत्या. त्यांच्या अंगातून तर मी पाळी थांबली तेव्हाच, दहा वर्षांपूर्वी ओसरलोय. पण त्यांची उलटतपासणी कोण घेणार?

"बघ, कुठं कोंबलीस ती!" त्या म्हणाल्या.

त्या पिशवीला सुनेचा हात कधी लागला नव्हता. पण स्वतःच्या डोक्यावर तिचा भरवसाच उरला नव्हता.

"चुकलं, आई," ती म्हणाली. "बाळ तुमच्याकडेच राहू दे. माझ्या हातून काही झालं तर?"

आता मी तिच्यात पुन्हा थोडा थोडा वाढतोय. शेजारणी एकमेकींना हाका मारू लागल्यात. पण सगळ्यात स्पष्ट हाक कुठली, तर 'मीच ठेवली होती बाटली.' ती पुसणं माझ्या हातात नाही.

तुमच्या ओळखीत कुणाच्या घरी बाळंतीण असेल, तर तिथं एवढं सांगा. काही सापडलं नाही की तिला दरडावू नका, आपण शोधा. आणि आधी आपली पिशवी झाडा.