बाई बसल्या आणि माग धावले

मित्रांनो, मी एक जुनी लाकडी खुर्ची आहे. खुर्चीसाठी माणसे भांडतात, हे तुम्ही ऐकले असेल. माझ्या नशिबी मात्र अशा बाई आल्या, की खुर्ची मिळूनही त्या बसायला तयार नव्हत्या!

माझा जन्म या कापड विणायच्या कारखान्याच्या अंगणातच झाला. सूत ज्या खोक्यांतून येत असे, त्यांच्या उरलेल्या फळ्या सुताराने रंधल्या, माझे पाय जरा उंच ठेवले आणि मला मागांसमोरच्या चौथऱ्यावर नेऊन ठेवले. इथून एकूण एक माग दिसतो. ऐकू मात्र काही येत नाही. खडखडाट एवढा, की शेजारच्याच्याही कानात ओरडावे लागते. म्हणून इथे सगळे हातांनी आणि डोळ्यांनीच बोलतात. पाणी हवे तर अंगठा ओठांशी, सूत संपले तर दोन्ही तळहात रिकामे दाखवायचे.

माझ्यावर पहिल्यांदा बसले ते मुकादमकाका. ते निवांत बसलेले असले, की सगळे बिनघोर. कापडात चूक दिसली तरच ते उठत, आणि ते उठले की प्रत्येक जण माग थांबवून आपापले कापड तपासत असे. हा नियम कोणी केला नव्हता, तो आपोआप पडला होता. खरे सांगते, या कारभारात आपलाही वाटा आहे, असा मला मोठा तोरा होता.

काका निवृत्त झाले आणि त्यांच्या जागी रंगखात्यातल्या बाई आल्या. कामात चोख, स्वभावाने गोड. पण माझ्याकडे त्या ढुंकूनही बघेनात. सकाळपासून माझ्या शेजारी ताठ उभ्या! बाई उभ्या म्हणजे कुठेतरी चुकले, असे समजून माग थांबू लागले. विणकर कापड उलटेपालटे करून बघत, चूक सापडत नसे, मग ते जास्तच घाबरत. कापड निम्मे निघू लागले. त्या काळजीने बाई आणखीच ताठ उभ्या राहू लागल्या. मला सगळे कळत होते, पण बोलू कशी? माझ्यावर धूळ साचली, कोणी कोणी तर जेवणाचे डबे ठेवू लागले. मला फार वाईट वाटले.

अखेर मालकांनी बाईंना बजावले, की महिनाअखेरीपर्यंत काम सुधारले नाही, तर रंगखात्यात परत जावे लागेल. बाईंनी जिवाचे रान केले, पण एका दुपारी त्यांचा धीर सुटला. आपल्याला हे जमणार नाही, मालकांना आजच सांगून टाकू, असे ठरवून त्यांनी माझ्यावरचा डबा बाजूला केला आणि त्या मटकन माझ्यावर बसल्या.

आणि काय सांगू, मित्रांनो! पहिल्या रांगेतल्या मावशींचे खांदे सैल झाले. त्यांचा माग धडधडत सुटला, मग शेजारचा, मग सगळेच. बाई दचकून उठल्या. माग थांबले. बसल्या. माग सुरू. पुन्हा उठल्या, तर पुन्हा सगळे गपगार. त्या शांततेत त्यांनी विचारले, "मावशी, हे काय चाललंय?"

"आम्हीच तुम्हाला विचारणार होतो, बाई. तुम्ही उभ्या दिसलात की आम्ही माग थांबवून कापड तपासत बसतो. कुणाचं काय चुकलंय, तेच कळत नाही."

"अहो, कुणाचंच नाही! तुम्ही सगळे दिवसभर उभे असता. मी एकटीनं बसणं बरं दिसतं का?"

मावशी म्हणाल्या, "बसा हो. तुम्ही बसलात की वाटतं, बाईंचा आपल्यावर विश्वास आहे."

आधी बाई हसल्या, मग सगळा कारखाना हसला. बाईंनी फडके घेऊन मला स्वच्छ पुसले, तेव्हा मला गहिवरून आले.

महिनाअखेरीला मालक आले. कापडाच्या थप्प्या पाहून ते चौथऱ्यावर चढले. त्यांनी फक्त माझी पाठ थोपटली. ही खुर्ची आता आपलीच, हे बाईंना समजले. आता नुसती फेरी मारायची असली, तर त्या उठण्याआधी हसून हात हलवतात, आणि माग चालूच राहतात.

मित्रांनो, तोंड मिटलेले असले तरी माणूस बोलतच असतो. त्याचे बोलणे नीट कळले नाही, तर विचारून घ्या. आणि माझी एक विनंती आहे. हल्ली माझा मागचा पाय डुगडुगतो. तेवढी एक पाचर कोणीतरी ठोकून द्या हो. मी डगमगले आणि बाई दचकून उठल्या, तर सगळा कारखाना बंद पडेल!