एका इंचाचे दोन इंच

मी गणिताची मास्तरीण. बारा वर्षं पोरांच्या वह्यांवर लाल पेनानं फुल्या मारल्या, पण त्या रविवारी माह्याच कागदावर फुली मारायची पाळी आली. एक इंच टाकला अन् दोन इंच वाढले. असं होते काय कुठं?

सांगते. आमचं घर वावरात. डांबरी रस्त्यापर्यंत दीड किलोमीटर पांदण, सगळी काळी माती. ट्रॅक्टरच्या चाकांनी दोन्हीकडून खोल चाकोऱ्या पडल्या अन् मधात मातीचा उंच वरंबा राह्यला. माह्या सासूबाईंचं, गोदाबाईंचं (मी त्यायले आईच म्हणते), आठवड्यातून दोनदा अमरावतीले डायलिसिस असते. शुक्रवारी त्यायले घेऊन निघालो तं आमच्या फोर-बाय-फोर गाडीचं पोट वरंब्यावर बसलं. चाकं नुसती फिरून राह्यली. ट्रॅक्टर येईपर्यंत अकरा वाजले, तिकडे मशीन दुसऱ्या पेशंटले गेली. आईच्या पायावर सूज चढली, तोंडावर चढली. डॉक्टरांनी सोमवारी सकाळी सातची वेळ दिली अन् बजावलं, आता चुकवाल तं जिवावर बेतन.

माहा नवरा नितेश म्हणे, "गाडी पुढून उचलू. शॉकअपच्या डोक्यावर लोखंडी चकती बसवायची, त्याले स्पेसर म्हणते. विकतचं याले दहा दिवस लागते. देवमनभाऊच्या लेथवर आपणच बनवू."

मी टेप घेऊन पांदणीत गेली. चिखलात बसून वरंबा मोजला, गाडीचं पोट मोजलं. बरोब्बर एक इंच कमी पडत होता. कागदावर लिहून दिलं, चकतीची जाडी एक इंच.

देवमनभाऊचं दुकान नांदगाव पेठेत. रविवारी बंद असते, पण आईसाठी त्यांनी उघडलं. दोन चकत्या कापल्या, लेथवर घासल्या, भोकं पाडली, लांब बोल्ट लावून बसवल्या. मी चाकापासून गाडीची उंची मोजली. दोन इंच वाढली होती. पुन्हा मोजली. तेवढीच. तिसऱ्यांदा मोजली अन् टेप आपटला.

"मास्तरीणबाई, उत्तर चुकलं वाटते," नितेश म्हणे.

"दात काहून काढता? टेप खराब असन."

देवमनभाऊ हसले नाईत. दुकानाच्या दाराजवळ गेले. "वहिनी, हे दार मधात धरून इंचभर ढकला. आता पाहा, कड किती सरकली?"

"दोन इंच."

"मंग? शॉकअप खालच्या आर्मच्या, म्हंजे आडव्या दांड्याच्या, मधात बसते, चाक राह्यते त्याच्या टोकाले. मले वाटलं तुमी हिशेब करूनच लिहिलं. अर्ध्या इंचाची करून देऊ काय? दोन तास लागतील."

"राहू द्या," मी म्हटलं. "पाणी पडून राह्यलं, चाकोऱ्या खचून वरंबा अजून उंच होईन. जास्त झालं तं काय बिघडते?"

हे मी म्हटलं. नितेशनं नाई, देवमनभाऊंनी नाई. मी.

सोमवारी पावणेसहाले गाडी अंगणात लावली. आई आल्या. मागं बसलं की त्यायले मळमळते, म्हणून पुढंच बसतात. डाव्या हातात डायलिसिसच्या सुयांसाठी शिरा जोडून फिस्टुला केला आहे, त्यावर जोर देता येत नाई. उजव्या हातानं आतली दांडी धरली, पाय उचलला. पाय दाराच्या चौकटीपर्यंत पोचलाच नाई. पुन्हा उचलला. चार बोटं खालीच राह्यला.

आधीच त्या कशाबशा चढत, अन् मी गाडी अजून उंच करून ठेवली! वरंबा मोजला, पोट मोजलं, अन् जिच्यासाठी एवढा खटाटोप, तिचं पाऊल मोजायचं मले सुचलं नाई.

नितेशनं पळत जाऊन पाट आणला. चिखलात पाट तिरपा झाला. मंग तो आईले उचलाले गेला.

"हात लावू नको," आई म्हणल्या. "मी काय कापसाचं पोतं हाय?"

चकती काढावी तं गाडी अडकते. ठेवावी तं आई चढत नाई. सहा वाजून गेले. माहं डोकंच चालेना. रडू येऊन राह्यलं होतं अन् रागही, दोन्ही माह्यावरच. मी तशीच लुगड्यासकट चिखलात गुडघा टेकवून बसली.

"माह्या मांडीवर पाय ठेवा."

"घरच्या लक्ष्मीच्या अंगावर पाय देऊ?"

"लक्ष्मी गेली चुलीत! ठेवा मुकाट्यानं, मशीन सुटन."

त्यायनं चप्पल काढली. मी पाय धरला तं सुजीत माही बोटं रुतली, खळगे तसेच राह्यले. पाय मांडीवर आला. मी दात आवळून तयार बसली होती. पण वजन आलंच नाई. काय झालं ते समजायच्या आत आई वर जाऊन बसल्याही होत्या.

पांदणीत गाडी कुठंच घासली नाई. नितेश खुश. दवाखान्यात सुया लावायच्या आधी वजन करतात. काट्यावर चौसष्ट किलो भरलं, तीन किलो तं नुसतं पाणी. मंग चौसष्ट किलो माह्या मांडीवरून गेले कुठं? देवमनभाऊले फोन करून अर्ध्या इंचाच्या चकत्या कराले घ्या म्हणून सांगितलं, तवाही डोक्यात तेच.

नर्सनं बीपीसाठी आईचा उजवा हात पुढं घेतला. तळव्यावर दांडीची लालभडक रेघ होती, कातडी सोलली होती. सगळं वजन त्या एका हातानं ओढून घेतलं होतं त्यायनं.

मले एवढा राग आला की मी वॉर्डातच ओरडली, "माह्यावर भार द्याचा होता ना आई! मी कशाले बसली होती मंग?"

नर्सनं दटावलं. आईनं सोललेला हात मिटून घेतला अन् माह्या लुगड्यावरचा वाळलेला चिखल खरवडू लागल्या.

"देला ना व," त्या म्हणल्या. "पाय तं ठेवला."